बाळाचा एक्झिमा आणि नैसर्गिक उपाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रीचे दोन वाजलेत. बाळ गाल गादीला घासतंय, तुम्ही एका हाताने त्याला थोपटताय आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर काहीतरी ‘साधं, घरगुती’ सापडतंय का ते बघताय. हे पान त्या वेळेसाठी आहे. आमच्या लेकीला तिसऱ्या महिन्यात एक्झिमा, म्हणजे इसब, सुरू झाला, तेव्हा लोकांनी आम्हाला विचारलेले आणि आम्ही डॉक्टरांना विचारलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. डॉक्टरांनी बाळाला प्रत्यक्ष बघण्याची जागा हे पान घेऊ शकत नाही. पण दुकानात किंवा स्वयंपाकघरात हात घालण्याआधी ते वाचावं.

हा एक्झिमाच आहे हे कसं ओळखायचं?

खाज, कोरडेपणा आणि पुन्हा पुन्हा उमटणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की एक्झिमाचा संशय घ्यायचा. तान्ह्या बाळात तो बहुतेकदा गालांपासून सुरू होतो. मग कपाळ, टाळू, हातापायांची बाहेरची बाजू. लंगोटाखालची जागा बहुधा सुटते, कारण तिथे ओल टिकून राहते आणि बाळाचा हातही पोचत नाही. बाळ मोठं झालं की चट्टे कोपराच्या खोबणीत, गुडघ्यामागे, मनगटावर सरकतात.

पुस्तकातल्या फोटोंत लालभडक गाल दिसतात, आणि तिथेच गोऱ्या नसलेल्या बाळांचे आईवडील फसतात. सावळ्या त्वचेवर एक्झिमा तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो. कधी नुसतेच बारीक दाणे असतात. डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवा: त्या जागेवरून बोट फिरवलं की ती खरखरीत लागते.

खूप लहान बाळाला खाजवता येत नाही, हातावर ताबाच नसतो. ते गाल घासतं, पाय एकमेकांवर घासतं, चुळबुळ करतं, झोपेतून उठतं. ही खाजच असते.

टाळूवर पिवळट, तेलकट खवलं धरली असतील आणि बाळ मजेत असेल तर तो बहुधा वेगळा, निरुपद्रवी प्रकार असतो. तळहात-तळपायांवर पुरळ आणि घरात इतरांनाही रात्री खाज सुटत असेल तर खरूज तपासून घ्या. कड उठावदार आणि मधली जागा साफ असलेला गोल चट्टा गजकर्ण असू शकतो. उकाड्यात मानेवर उठलेले आणि गार झालं की जाणारे बारीक दाणे म्हणजे घामोळं. या सगळ्यांवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून पहिलं निदान एकदा डॉक्टरांकडूनच होऊ द्या.

आमच्याच बाळाला का? गरोदरपणात काही चुकलं का?

नाही. हा प्रश्न जवळजवळ नेहमी आईच विचारते, म्हणून उत्तर आधी दिलं.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. एक्झिमा होणाऱ्या बाळात ही भिंत मुळातच पोकळ असते. आतलं पाणी उडून जातं. साबण, घाम, धूळ, जंतू आत शिरतात. शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या लढाईची खूण म्हणजे चट्टा. 2006 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असेल तर एक्झिमाची शक्यता बरीच वाढते. हे प्रथिन भिंत घट्ट ठेवायला आणि ओल धरून ठेवायला लागतं. प्रत्येक बाळात हाच बिघाड असतो असं नाही, पण घरात कुणाला दमा, शिंकांची अ‍ॅलर्जी किंवा एक्झिमा असेल तर बाळाला तो होण्याची शक्यता जास्त.

एक्झिमा हा शब्द ग्रीक भाषेतल्या ‘उकळून वर येणं’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला आहे. चिघळलेला गाल बघितलेल्या माणसाला तो लगेच पटतो.

तो संसर्गजन्य नाही. बाळाला खुशाल जवळ घ्या, मोठ्या भावंडांना पापे घेऊ द्या. मात्र कुणाच्या ओठावर तापाचा फोड आला असेल तर त्याला लांब ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

नैसर्गिक उपाय सुरक्षितच असतात ना?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पदार्थ झाडावर लागला की प्रयोगशाळेत बनला, हे त्वचेला कळत नाही. तिला दोनच गोष्टी कळतात: यामुळे भिंत मजबूत होते की आणखी पोखरली जाते. काही झाडपाल्याचे पदार्थ पहिल्या गटात बसतात, बरेचसे दुसऱ्या.

‘हर्बल’ लिहिलेल्या मलमांची गोष्ट तर वेगळीच. 2003 मध्ये इंग्लंडमध्ये एक्झिमासाठी वापरली जाणारी 24 हर्बल मलमं तपासली, तेव्हा त्यातल्या 20 मध्ये स्टिरॉइड, म्हणजे दाह दाबणारं तीव्र औषध, सापडलं. पालक स्टिरॉइड टाळायला म्हणून ती आणत होते आणि डॉक्टर बाळाला कधीच देणार नाहीत इतकं कडक स्टिरॉइड गालांवर चोळत होते. त्यामुळे एखादं बिनलेबलचं ‘जडीबुटीचं’ मलम चार दिवसांत गाल लख्ख करून दाखवत असेल, तर आनंदाआधी संशय यायला हवा. डबीवर घटकांची पूर्ण यादी नसेल तर ती डबी बाळासाठी नाही, विषय संपला.

मग सुरुवात कशापासून करायची?

भरपूर मॉइश्चरायझरने. उत्तर कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडतो. बाकीचे बहुतेक उपाय याच्यानंतर येतात.

आपण कमी पडतो ते प्रमाणात. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक्झिमा असलेल्या मुलांसाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम असा आकडा आहे. तान्ह्या बाळाचं अंग लहान, त्याला यातलं खालच्या टोकाचं किंवा त्याहून थोडं कमी लागेल. तरी बोटाच्या टोकावर घेतलेला थेंबभर लोशन हा त्याच्या जवळपासही जात नाही. आम्ही आधी पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवून ‘मॉइश्चरायझरने काही होत नाही’ म्हणायचो.

जितकं घट्ट, तितकं चांगलं. पंपातून निघणाऱ्या पातळ लोशनमध्ये पाणी जास्त असतं. क्रीम त्यापेक्षा बरं, आणि खूप कोरड्या त्वचेला मलम सगळ्यात चांगलं. निवडताना सुवास नसलेलं घ्या. ‘नैसर्गिक सुगंध’ हाही सुगंधच. दिवसातून किमान दोनदा, गरज असेल तर तीन-चारदा, चट्टे नसलेल्या त्वचेवरही. केसांच्या दिशेने, खालच्या दिशेला हात फिरवत लावा. गोल गोल रगडू नका. डबीत बोटं घालण्याऐवजी स्वच्छ चमच्याने काढा, म्हणजे जंतू आत जात नाहीत.

पेट्रोलियम जेलीबद्दल हमखास विचारतात, की ती तर खनिज तेलातून येते, मग ती नैसर्गिक कशी? नसेल. पण ती पाणी उडू देत नाही, तिला वास नाही आणि तिची अ‍ॅलर्जी क्वचितच येते. पोखरलेल्या भिंतीला यापेक्षा साधं लिंपण मिळणं अवघड.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. मलमं आणि तेलं कपड्यांत, चादरींत मुरतात आणि असं कापड पटकन पेट घेतं. धुऊनही ते पूर्ण निघत नाही. बाळाजवळ सिगारेट, मेणबत्ती, उघडी शेगडी नको.

रोज अंघोळ घालावी की नाही?

घालावी. पाण्याने त्वचा कोरडी पडते हे अर्धंच खरं आहे. पाणी अंगावर सुकू दिलं तर ती कोरडी पडते. पाच ते दहा मिनिटं, कोमट पाणी. हाताच्या मनगटाला ना गरम ना गार लागेल इतकं. कढत पाणी खाज वाढवतं, बाळ त्यात कितीही खूश दिसलं तरी.

साबण नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच, आम्लता मोजायचा आकडा) साधारण 5 च्या आसपास. साध्या साबणाचा 9 ते 10. प्रत्येक साबण लावण्याबरोबर भिंतीतलं थोडं सिमेंट वाहून जातं. सुवास नसलेला, साबणविरहित क्लिन्झर थोडासा, तोही मळलेल्या जागी पुरतो. स्पंज, खरखरीत कापड, कोणतंही पीठ किंवा दाणेदार पदार्थ चोळणं, सगळं बंद.

बाहेर काढल्यावर टॉवेलने टिपा, पुसू नका. अंग अजून दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावून टाका. ओल आत कोंडायची असते, आणि ती संधी तेवढीच असते. त्यामुळे डबी उघडून, कपडे काढून ठेवून मगच बाळाला पाण्यात घ्यायचं.

ओट्सच्या पाण्याची अंघोळ खरंच उपयोगी आहे का?

हो, घरगुती उपायांमध्ये मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो हाच. बारीक दळलेल्या ओट्सला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2003 मध्ये त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. त्यातला पिठूळ भाग त्वचेवर पातळ थर धरतो आणि अ‍ॅव्हेनँथ्रामाइड नावाचे घटक दाह आणि खाज कमी करतात.

साधे, चव-साखर नसलेले ओट्स मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखे दळा. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर टाकून ढवळा: पाणी दुधाळ झालं आणि तळाशी गाळ बसला नाही तर दळण जमलं. बसला तर पुन्हा फिरवा. बाळाच्या टबला पाव ते अर्धी वाटी पुरते. वाहत्या पाण्यात थोडं थोडं सोडलं की गुठळ्या होत नाहीत. दहा मिनिटं बाळाला त्यात खेळू द्या, हलकं पाणी ओता, टिपा, मॉइश्चरायझर लावा. हे पाणी भयंकर निसरडं होतं! बाळावरचा हात एक क्षणही सोडू नका आणि नंतर टब घासून धुवा.

ओट्स हे शेवटी खाण्याचं धान्य आहे, आणि फुटलेल्या त्वचेवर ते रोज लावलं तर काही बाळांना त्याचीच अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूला छोट्या जागेवर लावून दिवसभर बघा. चट्टे उघडे, चिघळलेले असताना ही अंघोळ टाळा.

कोणतं तेल लावू?

इथे आमची चूक सांगते. ऑलिव्ह तेल म्हणजे उत्तम, असं गृहीत धरून आम्ही ते पाच आठवडे गालांना लावलं. गाल चमकायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी सोललेले दिसायचे. पुढे कळलं की 2013 मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात प्रौढांच्या हातावर ऑलिव्ह तेल लावून पाहिलं होतं, तेव्हा त्वचेची भिंत कमकुवत झाली. त्यातलं ओलिइक आम्ल सिमेंटचे थर विस्कटतं. त्याच अभ्यासात सूर्यफूल तेलाने असं नुकसान झालं नाही. सूर्यफूल तेलात लिनोलेइक आम्ल जास्त असतं, आणि तेच त्वचेलाही लागतं. तरी नवजात बाळांवरच्या 2016 मधल्या एका छोट्या चाचणीत दोन्ही तेलांनी त्वचेतल्या स्निग्ध थराची घडण मंदावलेली दिसली. म्हणून अगदी नवजात बाळाच्या अंगावर कुठलंच तेल घाईने नको.

नारळाच्या तेलाची बाजू बरीच मजबूत आहे. 2014 मध्ये फिलिपिन्समध्ये सौम्य ते मध्यम एक्झिमा असलेल्या 117 मुलांवर आठ आठवडे चाचणी झाली. शुद्ध, घाण्याचं म्हणजे न तापवता काढलेलं नारळाचं तेल लावलेल्या मुलांत खनिज तेल लावलेल्यांपेक्षा चट्टे आणि त्वचेतून उडणारं पाणी, दोन्ही जास्त कमी झाले. त्यातलं लॉरिक आम्ल जंतूंनाही आवडत नाही. एका चाचणीवर जग उलटंपालटं करायचं नाही, पण तेलच लावायचं ठरलं असेल तर मी हे निवडेन. मात्र मॉइश्चरायझरच्या ऐवजी नव्हे, त्याच्या जोडीला.

मोहरीचं तेल नको, ते झोंबतं आणि त्वचेची भिंत बिघडवतं. शेंगदाणा, बदाम, तीळ यांची तेलंही फुटलेल्या त्वचेवर टाळलेली बरी. याचं कारण मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं: खाण्याचा पदार्थ तोंडावाटे आधी भेटला तर शरीर त्याच्याशी मैत्री करतं, फुटलेल्या त्वचेतून आधी भेटला तर शत्रू समजू लागतं. 2003 मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आणि बाळपणी अंगाला लावलेली शेंगदाणा तेलाची मलमं यांचा संबंध दिसला होता.

कोरफड, हळद, कडुनिंब, मध, आईचं दूध… यातलं काय चालेल?

कोरफड थंड लागते, पण बाळाच्या एक्झिमावर तिचा ठोस पुरावा नाही, आणि पानातला पिवळा चीक त्वचेला झोंबतो. विकतच्या जेलमध्ये तर अनेकदा अल्कोहोल आणि सुगंध असतो.

हळदीचा एक वेगळाच तोटा: सगळं पिवळं झाल्यावर चट्टा वाढतोय की उतरतोय, पू झालाय की नाही, हे दिसतच नाही.

कडुनिंबाचं तेल बाळाच्या हातातोंडाला लागेल अशा ठिकाणी नकोच. पोटात गेल्याने तान्ह्या मुलांना उलट्या, गुंगी, झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कापराचंही तसंच, तो तर त्वचेतून आणि श्वासातूनही जातो. पाल्याचा काढा अंगावर ओतणं निरुपद्रवी वाटतं, पण त्याची तीव्रता दर वेळी वेगळी.

मध एक वर्षाखालच्या बाळाच्या तोंडात जाता कामा नये. त्यातले बोट्युलिझम या आजाराचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. गालाला लावलेला मध तोंडात जायला किती वेळ लागतो, सांगा बघू!

आईच्या दुधावर काही छोटे अभ्यास झालेत. एकात फायदा दिसला, दुसऱ्यात नाही. चार थेंब लावल्याने बिघडत नाही, पण ते सुकल्यावर त्वचा कोरडीच राहते, तेव्हा वर मलम लावायचंच आहे.

झेंडूच्या जातीतलं कॅलेंड्युला आणि कॅमोमाइल यांची मलमं बाळांसाठी म्हणून खपतात. ती एकाच कुळातली, आणि त्या कुळाची अ‍ॅलर्जी दुर्मीळ नाही. सुगंधी तेलं, टी ट्री तेल वगैरे, पूर्ण वर्ज्य.

अंघोळीच्या पाण्यात व्हिनेगर, मीठ किंवा खाण्याचा सोडा?

सोडा त्वचेचा सामू साबणासारखाच बिघडवतो. मीठ फुटलेल्या त्वचेला झोंबतं. व्हिनेगरमागचा तर्क चांगला होता, त्वचा आम्लधर्मी म्हणून आम्ल घालायचं, पण 2019 मध्ये 22 जणांच्या हातावर सफरचंदाचं व्हिनेगर पातळ करून दोन आठवडे वापरलं तेव्हा भिंत सुधारली नाही आणि 16 जणांना जळजळ झाली. तीही मोठी माणसं होती.

दूध, अंडी बंद केली तर एक्झिमा जाईल का?

बहुतेक बाळांत नाही. मध्यम ते तीव्र एक्झिमा असलेल्या काही बाळांना सोबत अन्नाची अ‍ॅलर्जी असते. ती बहुधा एक्झिमाचं कारण नसून सोबतीण असते. खाल्ल्यावर दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, उलटी, श्वासाला त्रास, असं झालं तर ती खरी खूण, आणि श्वासाला त्रास म्हणजे ताबडतोब दवाखाना. मलम नीट लावूनही एक्झिमा हटत नाही, शौचात रक्त किंवा आव पडते, वजन वाढत नाही, तेव्हाही डॉक्टर दूध बंद करून बघायला सांगतील. तेही ठरावीक आठवडे, आणि मग पुन्हा देऊन.

अंगावर पाजणाऱ्या आईने स्वतःच्या मनाने एक एक पदार्थ सोडत जाऊ नये. मी स्वतः दोन महिने अर्धपोटी राहिले, लेकीच्या गालांवर ढिम्म परिणाम नाही. बाळाला फॉर्म्युल्याऐवजी ओट्सचं, बदामाचं किंवा तांदळाचं ‘दूध’ देणं तर धोक्याचं. त्यात बाळाला लागणारं पोषण नसतं.

वरचं अन्न उशिरा सुरू करावं का?

उलट. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या 640 बाळांवरच्या लीप या चाचणीचे निकाल आले. ही सगळी तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची बाळं होती. ज्यांना शेंगदाणा लवकर आणि नियमित दिला, त्यांच्यात पाच वर्षांचं होईपर्यंत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे टाळून नव्हे, वेळेत खायला देऊन संरक्षण मिळालं. एक्झिमा तीव्र असेल तर पहिला घास कधी आणि कसा द्यायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवा. अख्खा दाणा मात्र कधीच नाही, तो घशात अडकतो.

गाजर, टोमॅटो, आंबट फळं खाताना तोंडाभोवती लाल होतं ते बहुतेक वेळा रस लागल्याने. भरवण्याआधी ओठांभोवती पेट्रोलियम जेलीचा थर द्या. हीच युक्ती लाळेसाठीही, विशेषतः दात येताना.

रात्रीची खाज कशी थांबवायची?

झोपण्याच्या अर्धा-एक तास आधी अंघोळ आणि मलम उरकून घ्या, लगेच झोपवलं तर मलमाखाली अंग गरम होऊन खाज वाढते. खोली थोडी गारच बरी. एकच पातळ सुती थर, वर जाड पांघरूण नको. मलमाचं पॅकेट फ्रिजमध्ये ठेवलं तर गार स्पर्शाने बरं वाटतं. फार खाज सुटली असेल तेव्हा स्वच्छ कापड गार पाण्यात पिळून पाच मिनिटं ठेवा, मग मलम. बर्फ थेट लावू नका.

नखं आठवड्यातून दोनदा कापा, झोपेत असताना. हातमोजे थोडा वेळ चालतात, पण दिवसभर घातले तर बाळाला हात वापरता येत नाहीत, आणि सैल धाग्यात बोट अडकतं. ‘खाजवू नको’ म्हणून हात धरून ठेवण्यापेक्षा हातात खेळणं द्या.

झोपेचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. खाजेचं म्हणून मिळणारं गुंगी आणणारं सिरप लहान बाळाला घातक ठरू शकतं.

कपडे, साबण, पाणी… काय बदलायचं?

लोकर अंगाला लागू देऊ नका. कपड्यांना सौम्य, बिनवासाची पावडर आणि एकदा जास्तीचं खळबळणं. फॅब्रिक सॉफ्टनर बंद. आतल्या बाजूची लेबलं कापून टाका. घरात धूम्रपान नको.

महागड्या गोष्टींवर पैसे घालण्याआधी हे वाचा: खास रेशमी कपडे 2017 मध्ये 300 मुलांवर तपासले गेले, फायदा दिसला नाही. पाणी मृदू करणारं यंत्र 2011 मध्ये तपासलं, तेही नाही. अंघोळीच्या पाण्यात ओतायची मॉइश्चरायझिंग द्रव्यं 2018 मध्ये 483 मुलांवर वर्षभर तपासली. एरवी मलम लावतच असाल तर त्यांनी काही भर पडत नाही. इव्हिनिंग प्रिमरोज तेल पोटातून देऊनही औषध नसलेल्या खोट्या गोळीइतकाच परिणाम. आधीच झालेल्या एक्झिमात प्रोबायोटिक्सनी, म्हणजे पोटात घ्यायच्या उपयोगी जंतूंनी, नगण्य फरक.

डॉक्टरांनी स्टिरॉइड मलम दिलंय. भीती वाटते.

ती सगळ्यांनाच वाटते, आणि तिच्यामुळे बाळं उगाच आठवडेच्या आठवडे खाजवत राहतात. बाळाच्या गालाला बहुधा 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन देतात, म्हणजे सगळ्यात सौम्य. सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस, दिवसातून एक-दोनदा लावलं तर त्वचा पातळ पडण्याचा धोका फार कमी असतो. धोका आहे तो कडक स्टिरॉइड महिनोन्‌महिने, कुणाच्या देखरेखीविना लावण्यात, नेमका त्या बिनलेबलच्या हर्बल डब्यांतला.

प्रमाण असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. स्टिरॉइड आणि मॉइश्चरायझर यांच्यात पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, नाहीतर स्टिरॉइड नको तिथे पसरतं. आग विझवायला स्टिरॉइड आणि भिंत सांभाळायला मॉइश्चरायझर, अशी ही विभागणी आहे. आग भडकलेली असताना नारळाचं तेल पुरत नाही.

ताबडतोब डॉक्टरांकडे कधी?

चट्ट्यांवर मधासारखी पिवळी खपली, पू, वास, भोवती गरम सूज, ताप: जंतुसंसर्ग. एक्झिमाच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू ठाण मांडून बसलेला असतोच, संधी मिळाली की उठतो.

त्याहून तातडीचं: एकाच मापाचे, पाणी भरलेले किंवा मध्ये खोलगट झालेले फोड झुंडीने उठले, दुखू लागले, बाळ मलूल झालं किंवा ताप आला. हा नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूचा प्रसार असू शकतो, ओठांवरच्या तापाच्या फोडातून येणारा. सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. डोळ्याजवळ असेल तर आणखीच.

लस द्यावी का?

ठरलेल्या तारखेला द्यावी. सुई चट्ट्यावर न टोचता मोकळ्या त्वचेवर टोचायला सांगा.

पुढच्या बाळाला होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून मलम लावू का?

असं वाटणं साहजिक आहे, पण 2020 मध्ये जाहीर झालेल्या बीप चाचणीत धोका जास्त असलेल्या 1394 बाळांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावलं, आणि एक्झिमा रोखला गेला नाही. उलट त्वचेचे संसर्ग थोडे वाढले. कोरडी दिसली तर लावा, रोखायला म्हणून नको.

हा कधी जाणार?

तारीख कुणी देऊ शकत नाही. बहुतेक मुलांत वय वाढेल तसा तो सौम्य होतो, बऱ्याच जणांत शाळेच्या वयात जवळजवळ नाहीसा होतो. काहींना कोरडी त्वचा आयुष्यभर राहते. मध्येच चार आठवडे छान जातील आणि एका सर्दीनंतर गाल पुन्हा पेटतील. अशा वेळी नवा उपाय शोधायला धावू नका. डायरीत दोन ओळी लिहा: काय लावलं, काय बदललं, त्या आठवड्यात हवा कशी होती. तीन महिन्यांनी ती डायरी डॉक्टरांसमोर ठेवली की दहा मिनिटांच्या भेटीत बरंच काही उलगडतं.

चट्टा गेला, पण तिथे पांढरट डाग राहिला. हे कोड तर नाही?

बहुधा नाही. दाह झालेल्या जागी रंगद्रव्य तात्पुरतं कमी बनतं, कधी उलट जास्त बनून काळपट डाग राहतो. सावळ्या त्वचेवर दोन्ही ठळक दिसतात. एक्झिमा ताब्यात राहिला तर काही महिन्यांत रंग आपोआप मिसळतो. त्यासाठी वेगळं काही लावायचं नाही, गोरेपणाची क्रीमं तर अजिबात नाहीत. डाग दुधासारखा पांढराशुभ्र असेल, कडा कापल्यासारख्या स्पष्ट असतील किंवा तिथले केसही पांढरे होत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.